क्रूझ जहाजावरील केबिनची निवड

क्रूझ जहाजावर प्रवाशाला राहण्यासाठी मिळणारी खोली म्हणजे केबिन. कंपन्यांच्या कागदपत्रांत तिला ‘स्टेटरूम’ असेही म्हणतात. जेवण, करमणूक, पोहण्याचा तलाव आणि वाटेतली बंदरे बहुतेक प्रवाशांना सारखीच मिळतात. तिकिटाच्या दरात मोठा फरक पडतो तो केबिनमुळे. आरक्षण करताना लोक सहसा केबिनचा प्रकार पाहतात: खिडकी आहे का, बाल्कनी आहे का. त्याहून महत्त्वाचे असते ते तिचे जहाजातले नेमके ठिकाण. डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे आणि जहाजाच्या मध्यापासून ती किती लांब आहे, यावर झोप अवलंबून असते. आडजागेची महागडी बाल्कनी सात रात्री छळते आणि नीट जागची बिनखिडकीची खोली सुखाची ठरते.

प्रकार

ढोबळ प्रकार चार आहेत. इनसाइड केबिन जहाजाच्या पोटात असते, तिला खिडकी नसते. ओशन व्ह्यू केबिनला न उघडणारी काच असते. खालच्या डेकांवर, म्हणजे मजल्यांवर, ती गोल असते, वरच्या डेकांवर चौकोनी आणि मोठी. तिसरी बाल्कनी असलेली. चौथा प्रकार स्वीट, त्यात बैठकीची जागा वेगळी असते. इनसाइड केबिन साधारणपणे दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते आणि बाल्कनीच्या केबिनची आतली खोलीही तिच्याहून फार मोठी नसते. जादा पैसे जातात ते बाहेरच्या चाळीस-पन्नास चौरस फुटांसाठी, म्हणजे हवा आणि उजेडासाठी.

नावात ‘बाल्कनी’ असली म्हणून समोर समुद्र असेलच असे नाही. २००९ साली आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ या जहाजाचा मधला भाग आकाशाकडे उघडा आहे आणि तिथे खरी झाडे असलेली बाग आहे. त्या बागेकडे तोंड केलेल्या बाल्कन्यांतून हिरवळ दिसते, समोरच्या बाल्कन्यांतले लोक दिसतात, पाणी दिसत नाही. २०१८ च्या ‘सेलिब्रिटी एज’वर वेगळी बाल्कनी न काढता खोलीच थेट काठापर्यंत नेली आणि बाहेरच्या काचेचा वरचा अर्धा भाग बटणाने खाली सरकेल अशी सोय केली. खोली मोठी वाटते. पण ज्यांना दार उघडून बाहेर पाऊल टाकायचे असते, त्यांची ती हौस इथे भागत नाही. ‘डिस्ने ड्रीम’वर २०११ पासून इनसाइड केबिनच्या भिंतीवर गोल पडदा आहे आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांतले चित्र त्यावर दिसते.

जहाजाचे वय पाहणेही गरजेचे आहे. २०२१ पासून मुंबईहून सहली करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यावर बाल्कन्या मोजक्याच आहेत आणि साध्या केबिन आजच्या मानाने लहान. परदेशी जहाजांची छायाचित्रे पाहून त्याच मापाची अपेक्षा घेऊन चढणाऱ्याचा विरस होतो. तो दोष जहाजाचा नाही, काळाचा आहे.

बाहेरच्या हवेची जुनी ओढ

वातानुकूलन येण्यापूर्वी केबिनची किंमत वाऱ्यावर ठरत असे. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटींवर आतल्या केबिनमध्ये उकाड्याने जीव नकोसा होई. लिव्हरपूलहून रंगूनला बोटी चालवणाऱ्या बिबी कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ‘बिबी केबिन’ याच गरजेतून आली. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची ही खोली मुळात आत असे, पण तिचा एक चिंचोळा बोळ बाहेरच्या भिंतीपर्यंत जाई आणि त्या टोकाला स्वतःची गोल खिडकी असे.

‘पॉश’ या शब्दाची प्रसिद्ध कथाही याच मार्गावरची आहे. इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीत राहते. म्हणून श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे उमटवत, असे सांगतात. तसे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. सावलीची बाजू मिळवण्याची धडपड मात्र खरी होती. खास सहलींसाठी बांधलेले पहिले जहाज मानले जाणारे ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईजे’ १९०० साली हॅम्बुर्गमध्ये तयार झाले. त्यावर सगळ्या केबिन पहिल्या वर्गाच्या होत्या. सर्वच्या सर्व केबिन बाहेरच्या बाजूला ठेवण्याचा मान १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’ला मिळाला आणि तिथून पुढे बाल्कनी ही चैन न राहता हळूहळू नेहमीची गोष्ट झाली.

हेलकावे

ज्यांना बोट लागते त्यांनी हा भाग आधी पाहावा. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलते. एकात ते डाव्या-उजव्या कुशीवर झुलते. दुसऱ्यात नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर जाते तेव्हा मागचा भाग खाली जातो, पुन्हा उलट, लहान मुलांच्या सी-सॉसारखे. सी-सॉच्या मधोमध बसलेले मूल फारसे हलत नाही, टोकाचे मात्र उंच उडते. तीनशे मीटर लांबीच्या जहाजाची नाळ अवघ्या एका अंशाने उचलली गेली, तरी टोकाशी असलेली केबिन अडीच मीटरहून अधिक वर जाते. त्याच वेळी मध्यापासून तीस मीटरवरची केबिन जेमतेम अर्धा मीटर उचलली जाते. सहल तीच, वादळ तेच आणि अनुभवात पाचपट फरक.

कुशीवर झुलण्याचा हिशोब उंचीचा असतो. जहाज तीन अंश कलले, तर ज्या रेषेभोवती ते झुलते तिच्यापासून पस्तीस मीटर उंचावर माणूस सुमारे पावणेदोन मीटर आडवा सरकतो. पाच मीटरवर पाव मीटर. म्हणून बोट लागणाऱ्याची जागा खाली आणि मध्यावर. सर्वांत महागडी घरे मात्र वरच्या डेकांवर आणि पुष्कळदा टोकांना असतात, आणि पैसे जास्त मोजले की त्रास कमी होईल हा समज नेमका इथे फसतो. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात ते जहाजांवरचे नोकरदार अगदी तळच्या डेकांवर झोपतात. त्यांच्या केबिन अरुंद आणि बहुधा बिनखिडकीच्या असतात, पण हेलकावे तिथे वरच्यापेक्षा कमी जाणवतात.

आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते कुशीवरचे झुलणे बरेच कमी करतात. नाळेचे वर-खाली होणे त्यांना आवरत नाही, त्यामुळे मध्यावरच्या जागेचे मोल टिकून आहे. समोरून मोठ्या लाटा आल्या की नाळ पाण्यावर आदळते आणि पुढच्या खालच्या केबिनमध्ये तो धक्का आणि आवाज थेट येतो.

मार्ग कोणता यावरही किती काळजी करायची ते ठरते. अलास्काची इनसाइड पॅसेज बेटांच्या आडोशाने जाते, नॉर्वेच्या फियोर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाड्यांतही, पाणी शांत असते. बिस्केचा उपसागर, उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाच्या वाटेवरची ड्रेक सामुद्रधुनी यांची गोष्ट निराळी. आपला अरबी समुद्र ऑक्टोबरनंतर निवळतो. पावसाळ्यात तो कसा असतो हे कोकणकिनाऱ्यावर कुणाला सांगावे लागत नाही.

आवाज

पैसे वाया गेल्याची भावना सर्वांत जास्त वेळा आवाजामुळे येते, आणि हा त्रास जवळजवळ पूर्ण टाळता येतो.

पोहण्याच्या तलावाच्या डेकखालची केबिन हे याचे ठळक उदाहरण. भल्या पहाटे कर्मचारी वर खुर्च्या मांडू लागतात आणि पोलादी छतावरून खुर्च्यांचे पाय ओढल्याचा आवाज थेट उशाशी येतो. बुफेखाली ढकलगाड्यांची चाके वाजतात. नाटकगृह किंवा डिस्कोच्या वर-खाली असलेल्या केबिनमध्ये मध्यरात्रीपर्यंत ठेका ऐकू येतो. पुढच्या खालच्या डेकांवर बाजूला ढकलणारे पंखे, म्हणजे थ्रस्टर, असतात. जहाज धक्क्याला लागताना ते गडगडतात, आणि धक्क्याला लागण्याची वेळ बहुधा पहाटेची असते. जिथे धक्का नसतो तिथे नांगराची साखळी सुटते. मागच्या खालच्या केबिनमध्ये जहाज पुढे ढकलणाऱ्या मुख्य पंख्यांची थरथर जाणवू शकते. जोडकेबिनच्या मधल्या दारातून शेजाऱ्यांचे बोलणे झिरपते. कुटुंबाने दोन्ही खोल्या घेतल्या असतील तर ते दार वरदान, अनोळखी शेजारी असेल तर शिक्षा.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे: जिच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत अशी केबिन घेणे. त्यासाठी डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, एकावर एक ठेवून पाहावा लागतो. नकाशात कुठलेच नाव नसलेली पांढरी जागा दिसली तर सावध व्हावे. तिथे बहुधा स्वयंपाकघर, धुलाईखाना, कोठार किंवा यंत्रे असतात. लिफ्टपासून चार-सहा केबिनचे अंतर चांगले. गुडघेदुखीच्या आजी-आजोबांना चालावे लागत नाही आणि दारासमोरची गर्दीही नसते. तीनशे-साडेतीनशे मीटरच्या जहाजावर हे अंतर खरोखर महत्त्वाचे आहे. २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी ३६५ मीटर आहे, चुकीच्या टोकाची केबिन मिळाली तर नाश्त्याला जाणे हीच रपेट होते.

बाजू आणि दृश्य

नाळेकडे तोंड करून उभे राहिले की डावी बाजू ‘पोर्ट’ आणि उजवी ‘स्टारबोर्ड’. एका दिशेच्या सहलीत बाजूला अर्थ असतो. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे, येताना उलट. जाऊन-येऊन सहल असेल तर दोन्ही बाजूंना एकेकदा सारे मिळते आणि बाजूसाठी जास्त पैसे देण्यात हशील नाही. जुने सल्ले तपासून घ्यावेत. व्हेनिसमध्ये शिरताना सॅन मार्को चौक दिसावा म्हणून उजवी बाजू घ्या, असे वर्षानुवर्षे सांगत; १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना चौकाजवळच्या जुदेका कालव्यातून जायला बंदी आहे.

‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट किंवा तिचा सांगाडा. ही केबिन स्वस्त असते आणि उजेड तर येतोच. ज्यांना फक्त दिवस-रात्र कळायला हवी त्यांच्यासाठी हा चांगला सौदा आहे. कप्तान जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजखालच्या, पुढे तोंड असलेल्या केबिनचे दृश्य भव्य असते, पण रात्री पडदे ओढून घ्यावे लागतात, कारण तिथला उजेड वरून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास देतो.

बाल्कनीचे मोल फेब्रुवारी २०२० मध्ये जगाने पाहिले. योकोहामाजवळ ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसे करोनामुळे अडकली, त्यांत १३८ भारतीय होते, बहुतेक कर्मचारी. प्रवाशांना केबिनमध्येच राहावे लागले. बाल्कनीवाल्यांना निदान वारा होता. बिनखिडकीच्या केबिनमधल्या लोकांना पाळीपाळीने थोडा वेळ डेकवर आणावे लागे. असा प्रसंग विरळा. तरी ज्यांना बंद जागेत गुदमरते त्यांनी इनसाइड केबिन घेऊच नये, कितीही स्वस्त असली तरी. उलट उत्तर नॉर्वेच्या उन्हाळ्यात, जिथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, तिथे काळोखी इनसाइड केबिन झोपेसाठी उत्तम. सकाळ झाल्याचे कळावे म्हणून काही जण टीव्हीवर नाळेच्या कॅमेऱ्याची वाहिनी आवाज बंद करून चालू ठेवतात.

कोणासोबत

चौघांचे कुटुंब एका केबिनमध्ये मावते ते भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या पलंगांमुळे. ते उघडले की चालायला जागा उरत नाही, आणि न्हाणीघर एकच. दोन इनसाइड केबिन शेजारी-शेजारी घेणे पुष्कळदा एका बाल्कनीच्या आसपासच्या दरात बसते आणि दोन न्हाणीघरे मिळतात. दर माणशी दिलेले असले तरी ते दोघे राहतील असे धरून असतात, म्हणून एकट्या प्रवाशाला जवळजवळ दुप्पट मोजावे लागू शकतात. ‘नॉर्वेजियन एपिक’वर २०१० साली एकट्यांसाठी सुमारे शंभर चौरस फुटांच्या १२८ स्टुडिओ केबिन आल्या, तेव्हापासून इतर कंपन्यांनीही हा विचार सुरू केला. चाकाच्या खुर्चीसाठी रुंद दाराच्या आणि बिनउंबऱ्याच्या न्हाणीच्या केबिन थोड्याच असतात. त्या खूप आधी मागाव्या लागतात आणि गरज नसताना जागा मोठी म्हणून त्या अडवणे अन्याय आहे.

परदेशी जहाजांवर जेट स्प्रे बहुधा नसतो. इस्त्री आणि घरची विजेची किटली चालत नाही. भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाच्या खुंट्या नेल्या तर ओले कपडे टांगता येतात.

क्रमांक आणि आरक्षण

केबिनच्या क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे डेक सांगतात आणि बऱ्याच जहाजांवर सम-विषमावरून बाजू कळते. ‘गॅरंटी’ दरात प्रकार पक्का असतो, पण क्रमांक कंपनी देते. निश्चिंत झोपेच्या माणसाने तो खुशाल घ्यावा. बोट लागणाऱ्याने किंवा हलक्या झोपेच्या माणसाने तो टाळून क्रमांक स्वतः निवडावा. निवडल्यावरही कंपनी ‘अपग्रेड’ म्हणून वरच्या प्रकारात हलवू शकते, आणि मध्यावरची शांत खिडकी जाऊन टोकाची, तलावाखालची बाल्कनी हाती येते. अपग्रेड नको, अशी नोंद आरक्षणाच्या वेळीच करून घेता येते.