शेऱ्यांची जुनी वही आमच्याकडे आणण्याआधी

वाचनालयाच्या कपाटात खालच्या खणात, जमाखर्चाच्या वह्यांखाली, जाड पुठ्ठ्याची एक वही बहुधा असतेच. कोणी तिला अभिप्राय वही म्हणतं, कोणी शेरेबुक. बांधणीला येणाऱ्या वह्यांत आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. वर्गणी कोणी भरली ते पावतीपुस्तकात सापडतं. वाचनालयाची पायरी कोण चढून गेलं ते फक्त इथं. निजामाच्या राज्यात १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकानंतर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. त्या दिवसांत वाचनालयात कोण येऊन गेलं, याची नोंद म्हणूनच जपायला हवी.

तारीख वाचताना घाई करू नका. 'खुर्दाद १३४५' असं दिसलं की पुष्कळ जण ते हिजरी साल धरतात आणि १९२६ वर जातात. पण खुर्दाद हा हैदराबादच्या फसली, म्हणजे महसुली, सालातला महिना. हे साल ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू होई. इसवी सन काढायला फसली सालात आजूरपासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे ही नोंद १९३६ च्या एप्रिल-मेच्या सुमाराची. दहा वर्षांचा फरक पडतो! देणगीचा आकडाही असाच जपून वाचा: 'हाली' लिहिलं असेल तर ते निजामाचे रुपये, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे रुपये.

एकाच पानावर मोडीतला शेरा, खाली उर्दू सही आणि शेजारी बाळबोध अक्षर असू शकतं. वाचता येत नाही म्हणून एकही पान गाळू नका. कोरी पानंसुद्धा राहू द्या, त्यांच्यामुळे क्रम कळतो.

जुनी काळी शाई तपकिरी होत जाते आणि तिच्यातल्या आम्लानं कागद अक्षराच्या रेषेवरच तडकतो. अशा पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा चीक कागदात मुरला की डाग कायमचा. गेल्या पावसाळ्यात एक वही आमच्याकडे टेप लावूनच आली. टेप सोडवताना दोन सह्यांची शाई निघून आली, ती काही परत आणता आली नाही. ओली वही उन्हात ठेवू नका. सावलीत, पंख्याच्या हवेला, पानांमध्ये कोरा शोषकागद घालून वाळवा. कसर किंवा वाळवी दिसली तर ती वही लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

आमच्याकडे आधी प्रत्येक पानाचं स्कॅनिंग होतं, मगच शिवण उसवतो. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतो. पुढे कधी काढायची वेळ आली तर ती पाण्यानं सुटते. मूळ पुठ्ठा फेकत नाही. स्कॅनच्या फाइल्स वाचनालयाच्या हवाली करतो, स्वतःकडे ठेवत नाही, कारण पाहुण्यांचे पत्ते त्यात असतात.

वही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, आडवी ठेवून आणा. दोरीनं आवळू नका. भाव वही पाहिल्यावरच सांगतो.