सातव्या महिन्यात राहून जाणारी लस

धनुर्वाताच्या इंजेक्शनला गरोदर बाई सहसा नाही म्हणत नाही. आशाताई घरी येऊन तारीख सांगतात, कार्डावर नोंद होते, सासूबाईही ‘जाऊन घेऊन ये गं’ म्हणतात. फ्लूच्या लशीचं नाव मात्र अनेकींनी ऐकलेलंही नसतं. ऐकलेलं असलं तर पहिला प्रश्न येतो, ‘पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना?’

प्रश्न रास्त आहे. गरोदरपणात दंडावर देतात ती लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते. तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. नाकात सोडायची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस वेगळी. ती गरोदरपणात देत नाहीत.

खरा धोका फ्लूचा आहे. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर रेटतं, हृदयावर भार वाढतो, प्रतिकारशक्तीचं कामही बदललेलं असतं. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर स्त्रिया इतरांपेक्षा जास्त गंभीर झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये त्यांना या लशीसाठी सर्वोच्च प्राधान्य दिलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांना ती मोफत द्यायला सुरुवात केली.

बाळाला होणारा फायदा तर ढाक्यात जवळजवळ अनपेक्षितपणे समोर आला. तिथल्या अभ्यासाचा मूळ रोख न्यूमोकोकस या जिवाणूच्या लशीवर होता. ३४० गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एकाला ती लस, तर तुलनेसाठी दुसऱ्याला फ्लूची. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत, प्रयोगशाळेत खात्री झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता! सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, तेवढीच त्याची ढाल. ती सर्वांत जास्त जातात शेवटच्या तिमाहीत.

मग घोडं अडतं कुठे? मला वाटतं, बाईच्या नकारापेक्षा आपल्या व्यवस्थेत. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ‘फॉग्सी’ ही लस साधारण २६व्या आठवड्यानंतर सुचवते. नेमकं तेव्हाच आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी निघते. सासरच्या डॉक्टरांना वाटतं, तिकडचे देतील. माहेरचे डॉक्टर समजतात, आधीच झाली असेल. फाइल हातात असते, पण त्यात या लशीची ओळच नसते. त्यात राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही आणि खासगीत हजार-दोन हजार रुपये लागतात. इतका खर्च स्वतःसाठी मागायला सून संकोचते.

पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं, की डॉक्टरांनी स्वतःहून ‘ही घ्या’ म्हटलं तर होकार कितीतरी वाढतो. त्यामुळे माहेरी निघण्याआधीच्या तपासणीत हा विषय काढायलाच हवा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मे-जूनमध्ये सातवा लागत असेल तर अजिबात थांबू नये. पूर्वी लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर ते आधी सांगावं. आणि विषाणू सतत रूप बदलत असल्याने दुसऱ्या खेपेला ही लस पुन्हा घ्यावी लागते.