बालगुन्हेगारी रोखण्यासाठीचे वस्तीपातळीवरचे उपक्रम

पोरं गुन्ह्याच्या वाटेला लागू नयेत, आणि एकदा पाऊल घसरलंच तर तिथल्या तिथे सावरावीत, म्हणून पोलीस, कोर्ट आणि सुधारगृह यांच्या बाहेर, म्हणजे मुलाच्या घरी, शाळेत, मैदानावर, वस्तीत जे काम चालतं ते सगळं यात येतं. शाळा सुटल्यानंतरचे क्लब, मेंटॉर म्हणजे मुलाला नियमित भेटून साथ देणारं मोठं माणूस, आईवडिलांसाठीचं ट्रेनिंग, सुट्टीतली नोकरी, नशा सोडायला मदत, पहिल्या गुन्ह्यानंतर केस कोर्टात न नेता समोरासमोर बसून मिटवणं, असे बरेच प्रकार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९० मध्ये मंजूर केलेली रियाध मार्गदर्शक तत्त्वं याच विषयावरची आहेत आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितलीये, की मुलावर बिघडलेला किंवा गुन्हेगार असा शिक्का मारला की तो त्याच वळणावर पक्का व्हायची शक्यता वाढते.

हा शिक्क्याचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये अशी मांडणी केली की गुन्हा करणाऱ्या मुलांत ढोबळमानाने दोन गट असतात. मोठा गट वयात येताना काहीबाही करतो, तोडफोड, किरकोळ चोरी, मारामारी, आणि मोठं होता होता त्यातून बाहेर पडतो. दुसरा गट फार छोटा, पण त्यांचा त्रास अगदी लहानपणापासून दिसतो आणि मोठेपणीही सुटत नाही. म्हणजे पहिल्या गटाला शिक्का बसू नये म्हणून मुख्यतः कोर्टकचेरीपासून लांब ठेवायचं आणि दुसऱ्याच्या घरात लवकरात लवकर मदत पोचवायची, दोघांना एकच प्रोग्राम लावून चालत नाही.

या कामाची सुरुवात अमेरिकेतल्या शिकागोपासून सांगतात. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी कोर्टात आलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले तेव्हा दिसलं की काही ठराविक भागांतच आकडे जास्त आहेत, आणि तिथले स्थलांतरित समाज बदलले, एक गेला दुसरा आला, तरी आकडे त्या भागातच राहिले. म्हणजे दोष कुठल्या वंशाचा किंवा रक्ताचा नव्हता, तिथल्या परिस्थितीचा होता. मग १९३० च्या दशकात शॉ यांनी शिकागो एरिया प्रोजेक्ट उभा केला, त्यात बाहेरून तज्ज्ञ आणण्यापेक्षा वस्तीतल्याच लोकांच्या समित्या केल्या आणि पोरांमध्ये फिरणारे कार्यकर्तेही शक्यतो तिथलेच घेतले. आजही या कामाचा पाया हाच आहे.

पण हेतू चांगला असला म्हणजे परिणाम चांगलाच होईल असं नाही, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यायला पाहिजे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ ते १९४५ केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास झाला. ५०० च्या वर मुलं, सारख्या मुलांच्या जोड्या लावून नाणेफेक करून एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही. मदत म्हणजे काउन्सेलर नियमित घरी येणार, अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिरं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी ही मुलं तीस वर्षांनी पुन्हा शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले, तर गुन्हे कमी झाले नव्हतेच, उलट मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतीत जास्त वाईट होती. स्वतः त्या माणसांना विचारलं तर बहुतेकजण त्या दिवसांची आठवण प्रेमाने काढत होते! नंतर डेटा अजून तपासल्यावर दिसलं की नुकसान मुख्यतः अशा मुलांचं झालं ज्यांना शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं. १९९९ मध्ये थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी मॅकॉर्ड यांच्यासोबत याची कारणं मांडली, की अडचणीतली मुलं एकत्र आणून ठेवली की ती एकमेकांच्या उचापतींवर हसतात, शाबासकी देतात, आणि तीच सवय होऊन बसते. त्यामुळे ‘बिघडलेल्या पोरांचा ग्रुप’ काढणं हीच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात धोक्याची आयडिया आहे.

तसाच प्रकार घाबरवण्याचा. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी मुलांना समोर बसवून आत काय होतं ते ओरडून सांगायचे. लोकांना हे फार पटलं, टीव्हीवर गाजलं, जागोजागी नक्कल झाली. नंतर नीट चाचण्या झाल्या तेव्हा अशा भेटी दिलेल्या मुलांनी न दिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले असं एकत्रित आढाव्यात निघालं. भीती काही दिवस टिकते, मुलाच्या आजूबाजूचं तर काहीच बदललेलं नसतं.

ज्यांचा उपयोग दिसला त्यात लहानपणीचं काम वरचं आहे. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूलमध्ये गरीब घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना चांगली बालवाडी आणि सोबत शिक्षिकांची घरभेट मिळाली. अभ्यासात १२३ मुलं होती. चाळिशीपर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले, बालवाडी मिळालेल्यांत ३६ टक्के निघाले आणि ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांत ५५ टक्के. मोठ्या मुलांसाठी शिकागोतला २०१२ चा उन्हाळी नोकऱ्यांचा प्रोग्राम बघण्यासारखा आहे, फक्त आठ आठवड्यांचं पगारी काम आणि सोबत एक मोठं माणूस मार्गदर्शनाला, तरी पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि ही घट बरीचशी नोकरी संपल्यानंतरची होती, म्हणजे पोरं नुसती बिझी होती म्हणून शांत बसली असं म्हणता येत नाही.

गुन्हा झाल्यानंतरचा रस्ता म्हणजे डायव्हर्जन, केस कोर्टात न नेता दुसरीकडे वळवणं. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब परिषद आणली, मुलगा, त्याचे घरचे, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि पोलीस एका खोलीत बसतात आणि भरपाई काय, पुढे काय हे ठरवतात. तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची पोरं घरापासून तोडून संस्थांत टाकली जात होती त्यावरच्या रागातून हा बदल आला, त्यात विस्तारित कुटुंबाला खरा अधिकार दिला गेला. अर्थात पीडिताला जबरदस्तीने बसवलं किंवा घरचेच मारहाण करणारे असले तर ही पद्धत कामाची नाही.

मेंटॉरिंग सगळ्यात लोकप्रिय, कारण स्वस्त वाटतं आणि स्वयंसेवकांनाही बरं वाटतं. यात वेळ हीच खरी गोष्ट आहे. अमेरिकेतली बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था एकेका मुलाशी एक मोठा स्वयंसेवक जोडते, त्या जोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांचा फायदा सगळ्यात जास्त दिसला आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. ज्या पोराला आधीच दोनचार मोठी माणसं सोडून गेलीत त्याच्याकडे अजून एकजण येतो आणि गायब होतो, त्याला ते लागणारच. म्हणून चांगल्या संस्था स्वयंसेवकाला आधीच विचारतात की वर्षभर येणार का, मधूनमधून फोन करून जोडी कशी चाललीये बघतात, आणि ज्याला खात्री देता येत नाही त्याला मुलासोबत जोडण्याऐवजी दुसरं काम देतात.