गस्तीचा घोडा: पाठलागाकडून गर्दीकडे

लंडनचे पोलीस घोड्यावर बसले ते वाटमाऱ्यांमुळे. शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर घोडेस्वार लुटारू बग्ग्या अडवत आणि ऐवज घेऊन पसार होत. पायी पहारेकऱ्याला ते हाती लागणे शक्यच नव्हते. १७६३ मध्ये बो स्ट्रीटचे दंडाधिकारी सर जॉन फील्डिंग यांनी त्यांच्यावर छोटे घोडेस्वार पथक सोडले. सरकारी पैसा थांबला तसे ते बंद पडले. १८०५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि १८३६ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांत विलीन झाले.

मोटार आली आणि घोड्याचे पाठलागाचे काम संपले. मुंबईने वाढत्या वाहनांमुळे १९३२ मध्ये आपले पथक मोडले. २०२० मध्ये ते परत आणले गेले, ते गस्त आणि गर्दीसाठी. गर्दीपुढची घोड्याची खरी ताकद मात्र लोकांना त्याआधीच दिसली होती, २८ एप्रिल १९२३ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. सुमारे सव्वा लाखांच्या मैदानात त्याहून कितीतरी अधिक माणसे घुसली आणि खेळाची जागाच उरली नाही. पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी आणि त्यांचा करडा घोडा बिली यांच्यासह घोडेस्वारांनी गर्दी हळूहळू रेषेबाहेर सरकवली. सामना उशिरा का होईना, झाला.

हे साधते कसे? खोगिरावरच्या स्वाराची नजर जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर असते, त्यामुळे रेटा कुठून येतोय ते त्याला आधी कळते. घोडा छातीने गर्दीत घालायचा नसतो. त्याला आडवा वळवून कुशीने, पावलापावलाने सरकवायचे. माणसे आपसूक मागे हटतात. घोडा कळपातला प्राणी, एकटा पडला की बिचकतो, म्हणून गस्त सहसा जोडीने निघते. थेट पाठीमागचे त्याला दिसत नाही. तिथे कोणी अचानक आले तर लाथ बसू शकते.

सगळ्यात जास्त काळजी मात्र पायांची. गुळगुळीत डांबरावर लोखंडी नाल घसरते, म्हणून तिला कठीण धातूचे खिळे किंवा छोटे उंचवटे (स्टड) बसवतात. पकड फार वाढली तर वळताना खूर जागीच अडकतो आणि सांध्यांवर ताण येतो. चांगला नालबंद हा तोल सांभाळतो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी खूर छाटून नाल पुन्हा ठोकावी लागते. डांबरावर दुडकी चाल फार वेळ चालवली की पायांना हादरे बसतात, म्हणून गस्त बहुतेक संथ चालीतच करतात.

आवाजाची सवय लावताना घाई नडते. ढोल, छत्र्या, फडकते झेंडे आधी लांबून दाखवायचे, शेजारी मुरलेला घोडा उभा करायचा आणि घोडा शांत झाला की अंतर कमी करायचे. बळेच पुढे ओढलेला घोडा आवाजाला नव्हे, स्वारालाच घाबरायला लागतो, आणि ते मोडून काढायला पहिल्या शिकवणीपेक्षा जास्त वेळ जातो.