कौल आणि ग्वाही

मामाला मुंबईतली खोली विकून कायमचं गावी यायचं होतं, निदान आम्हाला सगळ्यांना तसं वाटत होतं. म्हणून मे महिन्यात घरचे सगळे मालवणकडच्या आमच्या गावच्या देवळात कौल लावायला गेलो, म्हणजे पाषाणाला लावलेली पाकळी कुठल्या बाजूला पडते त्यावरून देवीचं होय की नाही ते विचारायला. गुरवांनी ओल्या पाषाणावर ठरलेल्या जागी फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं सुरू केलं आणि मामाला विचारलं, काय मागणं आहे? मामा सांगत सुटला, खोली विकूची हा, बायकोचा मन नाय, झील (मुलगा) काय म्हणात म्हायत नाय, तर काय करू. गुरवांनी हात खाली घेतला. म्हणाले, "असा नाय चलाचा. एका गाऱ्हाण्यात तीन गोष्टी घातलंस. देवी होय सांगतली नायतर नाय सांगतली. आधी तुका काय होया ता सांग." म्हणजे, आधी तुला काय हवं ते सांग.

मामा गप्प. आम्ही पण गप्प. त्या दिवशी कौल न लावताच घरी आलो आणि तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले, कारण लहानपणापासून मी समजत होते की कौल म्हणजे निर्णय देवावर सोडून मोकळं व्हायचं, आणि इथे तर गुरव मामालाच कामाला लावत होते!

कौल हा शब्द मूळचा अरबी. अर्थ साधा, बोललेला शब्द, वचन. (घरावरच्या कौलांशी ह्याचा काही संबंध नाही.) मराठी मुलखात तो आला कारभारातून. दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांनी गाव उजाड झालं की रयतेला परत बोलवायला सरकार कौल द्यायचं, म्हणजे या, जमीन कसा, तुम्हाला त्रास होणार नाही, सुरुवातीची वर्षं सारा कमी आणि मग हळूहळू वाढता, ह्याला इस्तावा म्हणायचे. घाबरून पळालेल्या माणसाला दिलेलं अभय म्हणजे कौल. मला हे कळलं तेव्हा देवळातला कौल एकदम वेगळा दिसायला लागला. देवीच्या तोंडी आपल्या लोकांनी जो शब्द घातला तो भविष्य सांगणारा नाहीच, तो अभय देणारा आहे.

रीत गावागणिक बदलते. कुठे पाकळ्या, कुठे तांदूळ, कुठे कळे, म्हणून काही ठिकाणी कळे लावणं असंच म्हणतात, गोव्यात प्रसाद घेणं म्हणतात. साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि हे फक्त घरगुती अडचणींपुरतं नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कुठल्या तिथीला बांधलेली नाही, तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि ती कळेपर्यंत मुंबईचे चाकरमानी तिकिटांसाठी अडून बसलेले असतात.

आता दुसरा शब्द, ग्वाही. हा फारसी, म्हणजे साक्ष. हा पण कचेरीतलाच. आणि ह्या शब्दाला आपल्या भाषेत सगळ्यात मोठी जागा दिली तुकाराम महाराजांनी. "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." ही ओळ आपण भाषणात, स्टेटसवर कुठेही वापरतो पण ती ज्या अभंगात आहे तो पूर्ण वाचला की अंगावर काटा येतो. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, धंदा बुडाला, हे सगळं सांगून झाल्यावर ही ओळ येते. म्हणजे बाहेरचे सगळे आधार तुटल्यावर साक्षीला उरलं ते मन.

आणि लगेच पुढच्या ओळीत महाराज म्हणतात की स्वप्नात मिळालेला गुरूचा उपदेश मी मानला! मला हे फार मोलाचं वाटतं. मनाला साक्षीदार केलेला माणूस स्वप्न झटकून टाकत नाही, उलट तेच धरून पुढे जातो. ते स्वप्नही किती घरगुती आहे बघा. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, डोक्यावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नातच विसरून गेलं. हे विसरणं त्यांनी अभंगात तसंच ठेवलं. बाबाजी हे गुरूचं नाव आणि रामकृष्णहरी हा मंत्र त्यांना ह्याच स्वप्नातून मिळाला, आणि तोच मंत्र आजही वारीत चालतो.

संत बहिणाबाईंचं तर ह्याहून अवघड. कोल्हापूरला असताना लळा लागलेलं वासरू गेलं, त्या दुःखात तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, प्रत्यक्ष भेट तेव्हा झालेलीही नव्हती. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याचा राग सोसला पण स्वप्नात मिळालेलं सोडलं नाही, पुढे देहूला जाऊन त्यांना भेटल्याच. हे सगळं तिने स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय.

अजून जवळचं उदाहरण पुण्यातलं आहे. मे १९३३ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला, अस्पृश्यता निवारणाच्या कामासाठी आत्मशुद्धी म्हणून. रात्री आतला आवाज स्पष्ट ऐकू आला असं त्यांनी सांगितलं. बऱ्याच जणांना ते पटलं नाही, तेव्हा ज्याला शंका आहे त्याला द्यायला माझ्याकडे पुरावा नाही असं त्यांनी उघड लिहिलं. सरकारने ८ मेलाच सोडलं, उपवास पुण्यातच पर्णकुटी नावाच्या बंगल्यात २९ मेला संपला. परत तोच कोर्टातला मामला, साक्ष आहे पण साक्षीदार एकच आणि तोही आतला.

आता टॅरो कार्डं घेऊन बसणारे खूप दिसतात. ती १५व्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आली, भविष्यासाठी त्यांचा गाजावाजा झाला तो १८व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. कार्ड काढायलाही माझी हरकत नाही, पण तिथे थांबवून "आधी तुका काय होया ता सांग" म्हणणारं कोणी असलं पाहिजे.

मामा पुढच्या शिमग्याला परत देवळात गेला, ह्यावेळी एकटाच. गाऱ्हाणं एका वाक्यात घातलं, माका गावाक येवचा हा, येव काय? पाकळीला बराच वेळ लागला म्हणे. उजवी पडली की डावी हे त्याने घरात कोणाला सांगितलं नाही, संध्याकाळी मामीला फोन करून एवढंच म्हणाला की खोली आत्ता नको विकूया, आधी इथलं छप्पर शाकारून घेतो.