भाताच्या शेतात मीठ खालून चढतं

उधाणाचं पाणी भातशेतीत शिरल्याची छायाचित्रं छापून आली की 'हवामान बदललं, जमीन खारपड झाली' एवढ्यावर विषय मिटतो. उधाण निदान डोळ्यांना दिसतं. बरंचसं मीठ मात्र भात कापून शेत मोकळं पडल्यावर जमिनीखालून चढत असतं.

कारण केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे अशाच नळ्या. त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढतं, ०.०१ असेल तर दीड मीटर. चिकणमातीत ते आणखी वर जाऊ शकतं, पण फार सावकाश. खरा त्रास पोयट्याच्या, म्हणजे मध्यम बारीक कणांच्या मातीत, कारण तिथे उंचीही मिळते आणि वेगही. वर आलेलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. हिशेब मांडून बघा: भूजलात लिटरमागे २ ग्रॅम क्षार असतील, तर हेक्टरवरून १ मिलिमीटर पाणी, म्हणजे १०,००० लिटर, उडाल्यावर २० किलो मीठ उरतं. रोज ३ मिलिमीटर या दराने १०० दिवसांत ६ टन! पांढरा थर आधी बांधांवर आणि ढेकळांच्या माथ्यावर धरतो, कारण वारं-ऊन तिथे जास्त लागतं.

आता यात हवामान येतं. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली; तिच्याबरोबर किनाऱ्यालगतचं भूजलही उचललं जातं. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आलं की वरचा हिशेब लागू. उन्हाळा तापला की बाष्पीभवन वाढतं. पाऊस चार दिवसांत कोसळून गेला, तर तो मुरण्याऐवजी वाहून जातो आणि मीठ धुतलं जात नाही. नदी रोडावली की भरतीचं पाणी आत घुसतं. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात २०१६ आणि २०२० च्या कोरड्या हंगामात हेच झालं.

मातीत मीठ किती हे विद्युतवाहकतेवरून कळतं: मीठ जास्त, तर वीज जास्त वाहते. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या (संपृक्त) मातीतून काढलेल्या पाण्याची, म्हणजे अर्काची, विद्युतवाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटर (हे तिचं एकक) होईपर्यंत भात तग धरतो. पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे १२ टक्के घटतं. फुटव्यांच्या वेळी तो बऱ्यापैकी सोसतो. कोवळं रोप आणि पोटरी-फुलोऱ्याचा काळ नाजूक: पीक हिरवंगार दिसतं, लोंबीत मात्र पळिंज, म्हणजे पोकळ दाणे.

मोजताना एक चूक हमखास होते. एक भाग माती, दोन भाग पाणी ढवळून घेतलेला आकडा थेट त्या ३ शी ताडून बघतात. ते द्रावण पातळ असतं, त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि उगाच दिलासा मिळतो.

कापणीनंतर लगेच उथळ नांगरट केली की वरच्या नळ्या तुटतात. त्यावर पेंढा पसरला तर बाष्पीभवनही घटतं. जिप्समवर मात्र भलता भरवसा नको. ते मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवतं, म्हणजे चोपण जमिनीचं औषध. नुसत्या खारपड जमिनीत त्याचा उपयोग नाही. बाटलीतली 'क्षारनाशकं' तर निव्वळ थाप. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही की विरत नाही. पाण्याबरोबर बाहेर काढावंच लागतं. ३० सेंटिमीटर मातीतून ३० सेंटिमीटर गोडं पाणी खाली गेलं तर साधारण ७० ते ८० टक्के मीठ धुतलं जातं. अट एकच, खाली निचरा हवा. चिखलणीने बसलेला घट्ट थर पाणी अडवतो, आणि चर उथळ असतील तर धुतलेलं मीठ भूजलात साचून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतं.