इंग्रजी लेखनातील संयोगचिन्ह

संयोगचिन्ह किंवा हायफन (-) ही आखूड आडवी रेघ इंग्रजीत दोन कामे करते. लगतचे शब्द एकत्र, एकाच अर्थाने वाचावेत हे ती सांगते. आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द पुढच्या ओळीत चालू आहे हे दाखवते. दुसरे काम निदान छापखान्याइतके तरी जुने आहे. सुमारे १४५५ मध्ये छापलेल्या गुटेनबर्गच्या ४२ ओळींच्या बायबलमध्ये ओळींच्या टोकाला दोन तिरप्या रेघांचे असे चिन्ह दिसते. लिहिणाऱ्याची खरी परीक्षा मात्र पहिल्या कामात होते.

सामासिक विशेषणे

नामाआधी आलेले दोन शब्द मिळून एक विशेषण होत असेल, तर त्यांच्यात हायफन येतो: ‘अ वेल-नोन ऑथर’. तेच शब्द नामानंतर आले की तो गळतो: ‘द ऑथर इज वेल नोन’. वाचक शब्द क्रमाने घेत जातो आणि नाम कुठे येणार हे त्याला आधी कळत नाही, म्हणून हा फरक. ‘स्मॉल बिझनेस ओनर’ यात लहान कोण, मालक की व्यवसाय? ‘स्मॉल-बिझनेस ओनर’ लिहिले की शंका मिटते. नाम आधीच येऊन गेले असेल तर अशी शंका सहसा उरत नाही. ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार-चार तासांच्या वीस पाळ्या, तर ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चोवीस तासांच्या पाळ्या; पगारपत्रकात हा फरक महागात पडू शकतो.

हायफन हवा की नको हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे: दोन शब्दांमध्ये ‘अँड’ घालून पाहावा. ‘बिग अँड रेड बॉक्स’ चालते, म्हणजे दोन्ही विशेषणे पेटीला स्वतंत्रपणे लागतात आणि हायफन नको. ‘ब्राइट-रेड बॉक्स’ मध्ये ‘ब्राइट’ हे लाल रंगाचे वर्णन आहे, पेटीचे नाही. तिथे हायफन हवा.

‘-ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर हायफन येत नाही: ‘हायली रिगार्डेड रायटर’. त्या शब्दाचे रूपच सांगते की तो पुढच्या शब्दाला लागणार. मात्र नुसते शेपूट पाहून नियम लावणारे इथेच फसतात. ‘फॅमिली’ हे नाम आहे आणि ‘फ्रेंडली’ हे विशेषण, म्हणून ‘फॅमिली-ओन्ड शॉप’ आणि ‘फ्रेंडली-लुकिंग डॉग’ यांत हायफन राहतो. विशेषनामांना मोठी अक्षरे आधीच बांधून ठेवतात, म्हणून ‘न्यू यॉर्क रेस्टॉरंट’ हायफनविना. ‘ॲड हॉक कमिटी’सारख्या लॅटिन प्रयोगांनाही तो लागत नाही. ‘गुड-लुकिंग’सारखी काही विशेषणे शब्दकोशातच हायफनसह नोंदलेली असतात, ती नामानंतरही तशीच राहतात.

वय, मापे आणि संख्या

‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ मध्ये हायफन दोन, आणि ‘इयर’ एकवचनी. चुका दोन्हीकडे होतात: कोणी दुसरा हायफन गाळतो, कोणी ‘इयर्स’ लिहितो. ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ यात हायफन नाही, पण ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड’ असा नामासारखा वापर केला तर दोन्ही परत येतात. एककाचे नाव अक्षरी असेल तर ‘थर्टी-फाइव्ह-मिलिमीटर फिल्म’. अंक आणि एककाची खूण असेल तर एसआय (आंतरराष्ट्रीय एकक) पद्धतीत नुसती जागा सोडतात.

समान शेवट असलेली दोन विशेषणे जोडताना पहिला हायफन लोंबकळत ठेवतात: ‘टू- अँड थ्री-इयर प्लॅन्स’. तो चुकीचा समजून संपादकच पुसून टाकतात, आणि मग ‘टू’ निराधार होते. अक्षरी संख्यांत एकवीस ते नव्व्याण्णव यांमधील जोडसंख्यांना हायफन लागतो. ‘वन हंड्रेड’ला नाही.

क्रियापदे आणि उपसर्ग

‘टु फॉलो अप’ हे क्रियापद सुटे, ‘अ फॉलो-अप’ हे नाम जोडलेले. ‘प्लीज फॉलो-अप’ ही कार्यालयीन पत्रव्यवहारातली नेहमीची चूक. उलट ‘टु ड्राय-क्लीन’ या क्रियापदाला हायफन लागतो.

उपसर्ग बहुधा थेट जोडला जातो. ‘एक्स-’ (माजी) आणि ‘सेल्फ-’ यांना हायफन लागतो. मोठ्या अक्षराआधी (‘अँटी-अमेरिकन’) आणि आकड्याआधीही (‘प्री-१९५०’). अर्थभेदासाठी तो अटळ ठरतो: ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे, ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा करार करणे, आणि इंग्रजीत दोन्हींची अक्षरे तीच. खेळाडूच्या बातमीत हा हायफन गळला तर बातमीच उलटते. ब्रिटिश लेखनात ‘को-ऑपरेट’, ‘नॉन-प्रॉफिट’ असे हायफन जास्त टिकले आहेत. अमेरिकन लेखन ते गाळते.

शब्दकोशांतील बदल

जोडशब्द बहुधा सुटा जन्मतो, हायफनने जोडला जातो आणि रुळला की एकजीव होतो, पण प्रवास नेहमी याच दिशेने होत नाही. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ शब्दकोशाच्या २००७ च्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांचे हायफन काढले. ‘बंबलबी’ जोडला गेला, ‘आइस क्रीम’ सुटा झाला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०११ मध्ये ‘ई-मेल’चा, तर २०१९ मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन’चा हायफन सोडला. नावांना तर तर्क लावूच नये: ‘स्पायडर-मॅन’ला हायफन आहे, ‘सुपरमॅन’ला नाही; ‘स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन’ला आहे, ‘न्यूकॅसल अपॉन टाइन’ला नाही. म्हणून एका मजकुरासाठी एकच शब्दकोश ठरवून शेवटपर्यंत तोच पाळणे श्रेयस्कर.

ओळीच्या शेवटी

शब्द तोडताना अमेरिकन पद्धत उच्चाराकडे पाहते, ब्रिटिश पद्धत व्युत्पत्तीलाही मान देते. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर इंग्रजी तिसऱ्या अक्षरानंतर तुटतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यानंतर, कारण आघात बदलतो. ‘लेजंड’ तिसऱ्या अक्षरानंतर तोडणे नियमाला धरून असले तरी वाचकाला आधी ‘लेग’ दिसतो. असे तुकडे टाळलेले बरे. ‘टेक्’ या अक्षरजुळणी प्रणालीतील शब्दभंगाची पद्धत फ्रँक लिआंग यांच्या १९८३ च्या स्टॅनफर्ड प्रबंधातून आली. इंग्रजीसाठी ती शब्दाची किमान दोन अक्षरे आधीच्या आणि तीन पुढच्या ओळीत ठेवते.

कळफलकावरचे चिन्ह हायफन आणि वजाबाकी या दोन्हींसाठी वापरले जाते. १९१४–१८ अशा कालखंडात किंवा पानांच्या क्रमांकांत मात्र त्याहून लांब ‘एन डॅश’ येतो. आणि आधी ‘फ्रॉम’ लिहिले असेल तर तोही नाही, ‘टु’ हा शब्दच लिहावा.